मुक्या संदलाचा उन्हाळा

नागपुरात उन्हाळा आधी कानाला लागतो, मग अंगाला. सकाळचा वारा अजून बऱ्यापैकी शहाण्यासारखा वागत असतो, आणि अशात एका रविवारी शेजारच्या गच्चीवरून पत्र्याचा कूलर ओढल्याचा आवाज येतो. खर्रर्र. मग समोरच्या इमारतीतून. मग आमच्याच डोक्यावरून. कोणी जुन्या ताट्या झटकतं, कोणी पंप उघडून बसतं, कोणाचा पाइप गळतो आणि खालच्या मजल्यावरची बाई वर बघून शिव्या घालते. संध्याकाळपर्यंत आमचं अख्खं मनीषनगर घुमायला लागतं, ते पार मृग लागेपर्यंत घुमतच राहतं. बाहेरगावचा पाहुणा पहिल्या दिवशी विचारतो, "इथं जवळ कारखाना आहे का हो?" आम्ही ओरडून विचारतो, "काय म्हणालात?"

माझा एक सिद्धान्त आहे. अजून तो कोणी ऐकून घेतलेला नाही, म्हणून इथं छापून टाकतो. नागपूरचा माणूस मोठ्यानं बोलतो तो स्वभावानं नव्हे, कूलरमुळे. उन्हाळाभर त्या घरघरीच्या वरून बोलायचं, भांडायचं, मुलांना अभ्यासाला बसवायचं, मुलीकडच्या लोकांशी बोलणी करायची. मग पाऊस येतो, कूलर वर जातो, पण गळा काही खाली येत नाही. माझ्या वडिलांची हाक गल्लीच्या टोकापर्यंत जायची. माझी त्याच्याही पुढं जायची, म्हणून लोकांनी माझ्या हातात माइक दिला. ज्याला माइकची गरज नाही त्यालाच तो देतात, हा जगाचा न्याय आहे.

यंदा कूलर खिडकीत बसवला, वाळ्याच्या नव्या ताट्या लावल्या, बटण दाबलं. पहिला ओला वास खोलीत शिरला आणि माझा हात गळ्यावर गेला. दोन उन्हाळे उलटले, तरी जातो.

मी लग्नांत बोलतो. पत्रिकेवर आमचं नाव नसतं, फोटोत आम्ही कोपऱ्यात अर्धे असतो, पण लग्न चालतं ते आमच्या जिभेवर. सकाळी एखाद्या बौद्ध घरचा मंगल परिणय, संध्याकाळी गोरज मुहूर्त, त्याच्या दुसऱ्या दिवशी कुठल्यातरी लॉनवर स्वागत समारंभ. वधूचं आगमन मी सांगतो, वराची मिरवणूक फाटकाशी आली हे मी सांगतो, पांढऱ्या गाडीनं रस्ता अडवलाय हे मी सांगतो, आणि जेवणाची पंगत सुरू झाल्याचं सांगायला मात्र मला कोणी सांगायला लागत नाही. निरोपाच्या वेळी मी असा काही सूर लावतो की नवरीच्या मावशा तर रडतातच, पण मांडवाचे खांब सोडणारी पोरंही नाक पुसतात. मीही रडतो. अगदी खरा. अनोळखी नवरी असली तरी. आमची रत्ना म्हणते, "तुम्ही आपल्या लग्नात इतके नाही रडले." मी म्हणतो, तेव्हा माइक दुसऱ्याकडं होता.

असा मी, आणि माझ्या गळ्यात गाठ झाली. स्वरतंतूवर, मोहरीएवढी. डॉक्टरीणबाईंनी दुर्बिणीतून काढली, आणि मला भूल उतरल्यावर पहिलं वाक्य सांगितलं, "आता मी सांगेपर्यंत एक शब्द नाही." मी मान डोलावली. घरी आलो आणि कुजबुजलो. कुजबुज म्हणजे बोलणं नव्हे असा माझा समज. मी आपला रत्नाच्या कानाशी लागून पाणी मागायचो, मीठ कमी आहे म्हणायचो, शेजाऱ्यांची नक्कल करायचो. पुढच्या तपासणीला बाईंनी पडद्यावर मला माझाच गळा दाखवला. लाल, सुजलेला, जखम जशीच्या तशी. त्या ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"कुजबुजलात ना? कुजबुजताना तंतूंवर जास्त ताण येतो. आता ऐका. आणखी एकदा आवाज काढलात, हाक, ओरडणं, खाकरणं, काहीही, तर ती जागा कायमची खरबरीत होईल. मग तुम्ही बोलाल, पण ते ऐकायला कोणी पैसे देणार नाही. आणि दुसरं ऑपरेशन मी करणार नाही."

रत्नानं बाहेर येऊन फक्त एवढंच म्हटलं, "आता बोलून पाहा तुम्ही. मग मीच तुमचा गळा धरते का नाही ते पाहा."

आणि लग्नसराई सुरू झाली.

मला वाटलं होतं, मुकेपणी माणूस आतून उकळत असेल. शब्द साचत असतील, छाती भरून येत असेल. तसं काही झालं नाही. उलट पहिल्या काही दिवसांत आतलं एकेक दुकान बंद होत गेलं. भर दुपारी आमच्या रस्त्यावरची होतात ना, शटर खाली, आत माणूस झोपलेला, बाहेर कुत्रं सावलीत पडलेलं, तसं. आंबा खाल्ला, गोड होता. गोड आहे हे कळलं. आवडला की नाही ते कळलं नाही. मावसभावाचं बाळ मांडीवर दिलं, ते हसलं. मी त्याच्याकडं बघत राहिलो, जसं आपण भिंतीवरच्या घड्याळाकडं बघतो.

एक दिवस नंदूभाऊ आला. हा आमचा मांडववाला, मला कामं देणारा, दिलदार माणूस आणि तोंडाचा फाटका. पाटी-पेन्सिल घेऊन बसलेल्या मला बघून आधी पोट धरून हसला.

"काय गा, शाळेत नाव टाकलं का? दुसरीत हाये का तिसरीत?"

मी पाटीवर लिहिलं, 'तुझ्या बापाच्या वर्गात.'

तो आणखी हसला. मग पन्ह्याचा पेला संपेपर्यंत इकडचं तिकडचं बोलला आणि शेवटी पेल्याच्या बुडाकडं बघत म्हणाला, "भाऊ, एक पोरगा घेतला मी. तुमच्या जागी नाही हो. तात्पुरता. बरा बोलते. शायरी मारते मधात." पेला खाली ठेवला. "राग आला का तुम्हाले?"

मी पाटीवर 'नाही' लिहिलं. आणि ते खरं होतं, हेच विचित्र. राग यायला हवा होता. शायरीवर तर यायलाच हवा होता! पण आत हात घालून चाचपडलं तरी काही लागेना. नंदूभाऊ गेल्यावर रत्ना म्हणाली, "काहून असे बसून राहिले? काही तरी लिहा तरी." मी पाटी पुसली आणि कोरी तिच्या हातात दिली. तिनं ती जराशी जोरातच भिंतीला टेकवली.

पुष्कळ विचार केला मी त्या दिवसांत, दुसरं करण्यासारखं नव्हतंच. मला आयुष्यभर वाटत आलं की मला आधी काहीतरी वाटतं आणि मग मी ते बोलतो. साधी गोष्ट आहे, पाणी तापतं मग वाफ येते. पण माझ्या बाबतीत गंमत उलटी असावी. मी बोलायचो, म्हणून मला वाटायचं. माइक हातात घेऊन "आई-बापाच्या काळजाचा तुकडा" म्हटलं की माझ्या काळजाला खबर लागायची. जीभ थांबली आणि खबर देणाराच गेला. लोक मौनाचे गोडवे गातात. गात असतील. माझ्या मौनात कोणी संत भेटला नाही. एक रिकामा हॉल भेटला, खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेला.

हे सगळं आमच्या मुलीनं पुण्यात बसून ओळखलं. आम्रपाली तिचं नाव, घरात आमू. संगणकाचं काही काम करते, आणि उरलेल्या वेळात राक्षस मारते. लहानपणी मी तिला यासाठी रागवायचो. फोनवर रत्ना तिला माझी हकिकत सांगायची, मी शेजारी बसून ऐकायचो. एकदा तिनं फोन माझ्या कानाला लावायला सांगितला.

"बाबा, बोलता येत नाही ना? मग माझ्यासोबत खेळा. हात तर चालून राहिले ना तुमचे?"

तिच्या जुन्या संगणकावरची धूळ पुसली गेली. तिनं दुरूनच गेम चढवून दिला. तलवारी, भाले, जादू, पडके किल्ले, तळघरं, आणि तळघरांतून निघणारी एकाहून एक ओंगळ जनावरं. आपला एक माणूस घडवायचा, त्याला मारामारी करत मोठा करायचा, हत्यारं मिळवायची, पुढं जायचं. यात एक साधा प्रकार असतो, त्यात मेलं की पुन्हा उठता येतं. आणि एक दुसरा असतो. त्यात जीव एकच. मेला की मेला. त्याचं नाव, त्याची तलवार, महिनोन्महिन्यांची कमाई, सगळं त्याच्याबरोबर जातं. पुन्हा खेळायचं तर नवं बाळ होऊन पहिल्या पायरीवर. आमू हाच खेळते. तिच्या मते पहिला प्रकार म्हणजे भातुकली.

माझ्या माणसाचं नाव मी 'संदल' ठेवलं. आमच्याकडं वरातीपुढं संदल वाजतो. ढोलांचा ताफा, डोक्यावर दिवे, आणि असा दणका की घोड्यावरच्या नवरदेवाला लग्नाचा फेरविचार करता येऊ नये. मला ठाऊक असलेली ती सगळ्यांत मोठ्या आवाजाची वस्तू. मुक्या माणसानं दुसरं काय नाव ठेवावं? चिलखत घातलेला, ढालवाला, धिप्पाड बैल. आमूची होती 'ठिणगी'. आग फेकणारी किडकिडीत जादूगारीण, फुंकर मारली तर मरेल अशी, पण मागच्या दिवाळीपासून जपत, चोरपावलांनी नेत आमूनं तिला कुठल्या कुठं नेलेलं. ऑफिसातल्या मैत्रिणी तिला रोज विचारायच्या, ठिणगी जिवंत आहे ना? अशी ती ठिणगी माझ्यासारख्या नवशिक्याला सोबत करायला खाली उतरली.

कानाला हेडफोन लावून खेळायचं. ती बोलायची, मी नखानं माइकवर टिचकी मारायचो. एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. हेडफोन जुना, खिडकी शेजारी, त्यामुळे आमचा कूलर अख्खा तिच्या कानात जायचा. आजूबाजूचा गोंगाट गाळायची सोय तिच्याकडं होती. तिनं ती मुद्दाम बंद ठेवली. "राहू द्या," म्हणाली, "घर ऐकू येते. आणि तुम्ही तिथं हाये, तेही समजते." म्हणजे मी काही बोलायचो नाही; माझ्या वतीनं कूलर बोलायचा. घरघर चालू आहे तोवर बाबा खुर्चीत आहेत.

आता सांगायला गंमत वाटेल, पण मी त्या खेळात फार चांगला निघालो. अगदी नजर लागण्यासारखा. लोक तो एका जिवाचा प्रकार खेळतात तो धडधडीसाठी. रक्त थोडं उरलं की त्यांचे तळहात ओले होतात, घाईत भलतीच कळ दाबली जाते, आणि संपतात. माझे तळहात कोरडे. एखादं आठ पायांचं ध्यान अंधारातून अंगावर आलं की आमू पुण्यात किंचाळायची आणि मी इकडं ढाल पुढं करून, भाजी निवडावी तसा त्याचे पाय निवडत बसायचो. माघार घ्यायची तर घ्यायची, हाव धरायची नाही, पेटारा दिसला म्हणून धावायचं नाही. मला पेटाऱ्यात काय आहे याची उत्सुकताच नव्हती.

"बाबा, भीती नाही वाटत तुम्हाले?"

दोन टिचक्या.

"थोडी पण नाही?"

दोन टिचक्या.

"कमाल हाये. मी घामाघूम होऊन राहिली इथं." मग हळू आवाजात, "मजा तरी येते का?"

मी टिचकी मारली नाही. एकही नाही. तिनं पुन्हा विचारलं नाही.

दुपारी शहर मेलेलं असायचं. पडदे ओढलेले, दाराच्या फटीला ओला पंचा, बाहेर रस्त्यावर डोळे उघडता येणार नाहीत असा पांढरा उजेड. रत्ना आतल्या खोलीत आडवी व्हायची, पण त्याआधी येऊन माझ्या खिशात कांदा टाकून जायची. ऊन लागू नये म्हणून. मी घरात, खुर्चीत, कूलरसमोर. ऊन लागायचं तर त्या गेममधल्या वाळवंटातच लागलं असतं. पण पाटीवर एवढं मोठं वाक्य कोण लिहिणार? राहू दे कांदा. मुकेपणात पहिल्यांदा मरतात ती अशीच बारकी वाक्यं. मोठं सगळं लिहून होतं, पाणी हवं, औषध संपलं, दार लावा. पण 'ही बघ, चिमणी कूलरच्या टाकीतलं पाणी पिते' हे कोणी लिहीत नाही.

त्यातलंच एक वाक्य असं होतं. सुरुवातीच्या दिवसांत एकदा भरदुपारी लाइट गेली होती, आणि कूलर, संगणक सगळं एकदम ठप्प झालं होतं. त्या खेळात अशी लाइट गेली की आपला माणूस लगेच नाहीसा होत नाही. काही क्षण पुतळ्यासारखा उभाच राहतो, आणि राक्षसांना काही कोणी थांबवत नाही. तेव्हा आम्ही नशिबानं गावाच्या वेशीत होतो, म्हणून वाचलो. आमूनं आईला फोन करून सांगितलं, "बाबाचा संगणक इन्व्हर्टरवर घे माय, नाही तर एक दिवस संदल जाईल फुकटात." रत्नानं वायरमनला बोलावून संगणक आणि इंटरनेटच्या डब्यापुरती एक वायर ओढून घेतली. कूलर काही इन्व्हर्टरवर घेत नाहीत, बॅटरी दमते. वायर ओढली हे आमूला सांगायचं तिच्याकडून राहिलं, आणि माझ्याकडून तर सगळंच राहत होतं.

मग एका रविवारी आम्ही एका बुडालेल्या देवळाच्या तळघरात होतो. काळं पाणी, कोरीव खांब, आणि आत एक सुजलेला पुजारी, ज्याच्या पोटातून आणखी लहान लहान पुजारी निघत. त्याला पाडला, पण त्याची पिलावळ सुटली. आमूचं रक्त चिमूटभर उरलेलं. मी ढाल लावून वाट अडवली, म्हणजे तिनं मागच्या मागं निघून जावं. ती दारापर्यंत पोचली. दाराबाहेर पायऱ्या, पायऱ्यांवर सुटका. "निघा बाबा, या मागोमाग, मी उभी हाये इथं," ती म्हणाली. मला अजून थोडी गर्दी कापायची होती. घाई नव्हती. हात कोरडे.

आणि लाइट गेली.

कूलर फिरता फिरता मंदावला, एक मोठा उसासा टाकला आणि थांबला. पडदा माझ्यापुढं तसाच उजळ, इन्व्हर्टरनं काम चोख केलेलं. मी खेळतोच आहे. पण आमूच्या कानात घर बंद पडलं.

"बाबा?"

मी दोन्ही हातांनी लढत होतो. एक हात सोडून टिचकी मारली.

"बाबा! लाइट गेली? गेली का लाइट? अरे देवा, संदल तसाच उभा राहीन तिथं!"

टिचकी ऐकायची तर कान द्यावा लागतो, आणि ती ओरडत होती. मी आणखी एक मारली, आणखी एक. एव्हाना मला पडद्याच्या कडेला एक लालसर ठिपका दिसला. ठिणगी दारातून परत आत येत होती. चिमूटभर रक्तावर. मला वाचवायला. जो मी धडधाकट होतो.

मी वाचत आलोय की अशा वेळी माणसाच्या मनात पुष्कळ काही येऊन जातं. माझ्या मनात काही आलं नाही. थेट गळ्यात आलं. इतक्या दिवसांनी, पोटाच्या तळातून, पूर्ण ताकदीचा, लॉनच्या शेवटच्या खुर्चीपर्यंत जाणारा आवाज वर चढला. 'आमू, थांब, मी आहे.' एवढंच. तिनं तो ऐकला असता आणि तिथल्या तिथं वळली असती. शेजाऱ्यांनीही ऐकला असता. आणि तो माझा शेवटचा धड आवाज ठरला असता. हे मला ठाऊक होतं, आणि तरी तोंड उघडलं. ओठ विलग झालेले मला आठवतात. छाती हवेनं भरलेली. आणि मग मी माउस सोडला, कळपाटी सोडली, आणि दोन्ही तळहात तोंडावर दाबले. असे दाबले की दात ओठात रुतले.

झालं काय, की हात तोंडावर गेले आणि संदल खरोखरच उभा राहिला. ढाल खाली. पुतळा. ती येत होती ज्या समजुतीनं, ती समजूत एका क्षणात खरी झाली. पिलावळ त्याला चावू लागली, त्याचं रक्त भराभर उतरू लागलं, आणि मी तोंड दाबून बघत बसलो.

ठिणगी आली. त्या गर्दीत शिरली, संदलाच्या अगदी पुढ्यात उभी राहिली, आणि तिच्याकडं जेवढी आग होती तेवढी एकदम सोडली. सगळा पडदा नारिंगी झाला. नारिंगी ओसरला तेव्हा तिथं निम्मी पिलावळ नव्हती, आणि ठिणगीही नव्हती. कोपऱ्यात तिचं नाव राखाडी झालेलं.

एवढ्यात दारात रत्ना. कूलर थांबला की नागपुरात झोपलेला माणूस आपोआप जागा होतो. तिनं मला तसं, दोन्ही हात तोंडावर, डोळे बाहेर आलेले बघितलं.

"अहो! काय झालं? उलटी होऊन राहिली का?"

मी मान हलवली. ती बादली आणायला धावली.

कानात आमूचा श्वास. मग अगदी हलक्या आवाजात, "बाबा, तुम्ही हाये का तिथं?"

या वेळी तिनं कान दिला होता. मी एक हात खाली घेतला, नख हलेना, बोटानंच माइकवर ठोकलं. एकदा.

"हाये? मग लाइट..." पुण्यात काहीतरी जुळताना मला ऐकू आलं. "इन्व्हर्टर. मायनं वायर घेतली. तुम्ही पूर्ण वेळ तिथंच होते."

एकदा.

मी वाट बघत होतो की आता ती ओरडेल. किंवा रडेल, दिवाळीपासूनची ठिणगी होती ती. तिनं विचारलं, "बोलले तर नाही ना तुम्ही? खरं सांगा. एक अक्षर तरी? मी ओरडत होते, मले ऐकू नसेल आलं. बोलले का?"

दोनदा.

"नक्की?"

मी पुन्हा दोनदा ठोकलं, आणि पलीकडं आमची आमू हसायला लागली. हुंदका आणि हसू यांच्यामध्ये जी एक अडचणीची जागा असते, तिथलं हसू. "मग ठीक हाये," ती म्हणत होती, "मग काहीच गेलं नाही, बाबा. काहीच गेलं नाही."

आवाज पुढं परत आला, हे सांगून टाकतो. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर गळा बघितला, बराच वेळ बघितला, आणि 'आ' म्हणा म्हणाल्या. निघाला तो माझा नव्हताच. कोणा थोरल्या, जरा दमलेल्या भावाचा वाटला. तोच राहिला. वरचा सूर गेला, खालचा थोडा दाट झाला. नंदूभाऊ म्हणतो, "आता भारी वाटते. पैलवानाले सर्दी झाल्यासारखा." शायरीवाला पोरगा टिकला, आम्ही कामं वाटून घेतो, त्याची शायरी मला अजून सहन होत नाही, आणि ती सहन होत नाही याचा मला कोण आनंद होतो! निरोपाच्या वेळी मात्र मी हल्ली कमी बोलतो. दोन वाक्यं. मग बाजूला होतो आणि नवरीला आईच्या गळ्यात पडू देतो.

पण बधिरपण असं एका दुपारी उतरलं, असं कोणाला वाटू नये. पुढंही कितीतरी आंबे नुसते गोड लागले. दुकानं एकेक करून उघडली, काही संध्याकाळी उघडली, काहींची शटरं अजून अर्धीच आहेत. त्या रविवारी फक्त एक उघडलं, आणि तेही भीतीचं.

कारण गेम संपला नव्हता. मी मेलेला नव्हतो. त्या काळ्या पाण्यात संदल अजून उभा होता, अंगात थेंबभर रक्त, आणि उरलेली पिलावळ पुन्हा गोळा होत होती. त्या खेळात मेलेल्याला एवढी एक मुभा असते, सोबत्याच्या खांद्यावरून बघता येतं. आमू बघत होती.

"बाबा, उभे काय राहिले? पळा!"

मी तोंडावरचा दुसरा हात काढला. तळहात ओला होता. मला आधी वाटलं, ओठाचं रक्त. घाम होता.

"डावीकडे खांब हाये, त्याच्या मागून घ्या. ढाल राहू द्या, पळा नुसते. हं. आता थांबा, जाऊ द्या त्याले. आता!"

रत्ना बादली घेऊन दारात उभी होती आणि हेडफोनातून झिरपणारा आवाज ऐकून विचारत होती, ही कोणावर ओरडून राहिली? मला उत्तर द्यायला वेळ नव्हता, हात रिकामा नव्हता, पाटी कुठं होती कोण जाणे. माउस तळव्यात निसटत होता. छातीत असा दणका चाललेला की माइकमधून तिला ऐकू जात असेल.

"पायऱ्या दिसल्या का? दिसल्या ना? मागं नका पाहू, बाबा, मी पाहून राहिली मागं. तुम्ही फक्त या."

मी घाबरलो होतो. जीव मुठीत घेऊन, भलतीच कळ दाबत, खांबाला धडकत, अगदी नवशिक्यासारखा मी पायऱ्यांकडं पळत सुटलो.